तेलाच्या मापांतराची कलमे

ज्या गृहस्थास स्वयंपाकघरात निर्वेध कालक्रमणा करावयाची असेल, त्याने शेंगदाण्याच्या तेलाचे वजन मापात आणि माप वजनात उतरविण्याची विद्या प्रथम हस्तगत करावी, असे कोषागारातून निवृत्त झालेल्या आमच्या ज्येष्ठ बंधूंचे, म्हणजे अण्णांचे, ठाम मत असल्यामुळे, त्यांच्या दप्तरातील काही कलमे लोकहितार्थ येथे नमूद करीत आहे.

कलम पहिले. लिटर म्हणजे किलो नव्हे. पाण्याच्या बाबतीत हे दोघे सख्खे भाऊ असले, तरी पाण्यावर तरंगणाऱ्या जिनसाने तो घरोबा पाळावा, अशी अपेक्षा व्यर्थ आहे. एक लिटर तेल सुमारे 910 ग्रॅम भरते. सबब लिटरांस 0.91ने गुणावे, किलोंस तितक्यानेच भागावे. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात 13 किलो 650 ग्रॅम तेल येते आणि 15 किलोच्या डब्यात जवळजवळ साडेसोळा लिटर. दोन्ही डबे दिसावयास जुळे, म्हणून वाण्याशी भांडण्यापूर्वी डब्यावरील अक्षरे वाचावीत. अण्णांनी आधी भांडण केले, मग अक्षरे वाचली. त्यापुढे सहा महिने आमचा किराणा दोन गल्ल्या पलीकडून येई, आणि पिशव्या मी वाहत असे.

कलम दुसरे. तेल तापले की माप फुगते, वजन मात्र हलत नाही. सोयाबीनचे एक लिटर तेल 21 अंशांवर 919 ग्रॅम भरते आणि 60 अंशांवर अवघे 893. तेव्हा हिशेबापुरते तेल तापवून पिशवीत कमी भरण्याची युक्ती कोणास न सुचली तरच नवल. 2022 साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तापमानाची ही पळवाट बंद करून मापासोबत वजनही छापण्यास बजावले. त्या बातमीचे कात्रण अण्णांनी फडताळाच्या दारावर डकविले असून त्यावर आता फोडणीचे शिंतोडे आहेत.

कलम तिसरे. चहाचा चमचा म्हणजे 5 मिलिलिटर, अर्थात साडेचार ग्रॅम.

कलम चौथे. गोठलेल्या खोबरेलाचे माप घेऊ नये, वजन करावे.

कलम पाचवे. वाटीला तेल चिकटून राहते, म्हणून बरणी आधी तोलावी, तेल ओतावे, पुन्हा तोलावी. हे कलम, खरे सांगतो, उपयोगाचे आहे. परंतु शंकरपाळ्यांच्या मोहनास ते लावू पाहणाऱ्या अण्णांना वहिनी एवढेच म्हणाल्या, "अहो, पिठाची मूठ वळली की पुरे." शंकरपाळे खुसखुशीत झाले. त्यांची नोंद कोठेच नाही.

गेल्या महिनाअखेरीस कीर्दीत 135 ग्रॅम तेलाची तूट निघाली. अण्णांनी काटा तपासला, बरण्या तपासल्या, मलाही दोनदा विचारले. तपास अद्याप जारी आहे. आणि तो चालू असतानाच वहिनी रोज रात्री एक चमचा तेल कोमट करून त्यांच्या गुडघ्यांना चोळीत असतात.