सव्वा व्होल्टचं उपकेंद्र

आमचे अण्णा १३२ केव्हीच्या उपकेंद्रावर ऑपरेटर होते. डोक्यावर एक लाख बत्तीस हजार व्होल्ट गुणगुणत असताना दर तासाला मीटर वाचायचे आणि लॉगशीटमध्ये आकडे भरायचे, यात त्यांची ३१ वर्षं गेली. त्यामुळे "व्होल्टेज कमी पडतंय, म्हणून कॉम्प्युटर बंद पडतोय" असं मी जेवताना म्हणालो, तेव्हा त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली.

"किती मिळतंय?"

"एक पॉइंट दोन आठ."

"टॉर्चच्या सेलमध्ये दीड असतात," म्हणाले आणि भाकरी पुन्हा उचलली.

प्रोसेसर होता इंटेलचा २५०० के. २०११ सालचा, कंपनीने ३.३ गिगाहर्ट्झला विकलेला. नावातला 'के' म्हणजे मल्टिप्लायरला कुलूप नाही. १०० मेगाहर्ट्झच्या ठेक्याला किती पटींनी गुणायचं ते मालकाने बायोसमध्ये ठरवायचं. भुसावळच्या मित्राचा हाच प्रोसेसर ४५ पटींवर, म्हणजे ४.५ गिगाहर्ट्झवर, १.२८ व्होल्टमध्ये सुखाने नांदत होता. माझा त्याच आकड्यांवर गेम उघडला की दहाव्या मिनिटाला निळा पडदा दाखवायचा. दोघांचं मॉडेल एक, डबा एक, बिलावरची किंमतही एकच. पण एका पेटीतले हापूस तरी कुठे सारखे निघतात? तरी माझ्याच वाट्याला कोय मोठी का, हा प्रश्न मी त्या काळात बऱ्याचदा विचारला.

उपाय ठरलेला: व्होल्टेज चिमूटभर वाढवायचं आणि प्राइम-९५ रात्रभर चालवायचा. मूळचा हा कार्यक्रम प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी केलेला. प्रोसेसरला घाम फोडण्यात त्याचा हात धरणारं फारसं कोणी नाही, म्हणून आमच्यासारखे लोक तो छळासाठी वापरतात. पहाटे पाचला पंख्याचा घरघराट ऐकून आई दारात आली.

"काय करतोय रे तो?"

"गणितं. ज्यांची उत्तरं आधीच माहीत आहेत अशी. एखादं चुकलं तर समजायचं, व्होल्टेज कमी आहे."

"याला सराव म्हणतात," आई म्हणाली. "दहावीत मी हेच सांगत होते."

अण्णांचा खरा प्रवेश झाला तो अँपिअरमुळे. भर लोडला हा प्रोसेसर सव्वाशे वॅटच्या आसपास खातो, असं मी सहज बोलून गेलो. अण्णांनी भिंतीकडे बघत भागाकार केला आणि ते खुर्ची ओढून बसले. "म्हणजे शंभर अँपिअर झाले की रे. आपल्या अख्ख्या घराचा मेन बत्तीसचा आहे." त्या क्षणापासून माझं टेबल त्यांच्या लेखी उपकेंद्र झालं.

मग मला जे समजायला आठवडा लागला होता, ते त्यांना चहा निवायच्या आत समजलं. बायोसमध्ये १.३२ लावलं तरी टेस्ट सुरू होताच आकडा १.२७ वर यायचा. "लोड आला की ड्रॉप होणारच," अण्णा म्हणाले. "टॅप चेंजर कुठाय?" मी त्यांना लोड-लाइन कॅलिब्रेशन दाखवलं. लोडखाली पडणारं व्होल्टेज सावरून धरणारी ही सोय. ती त्यांनी मधल्या पायरीवर ठेवायला लावली. एकदम वरची लावली तर लोड सुटताना व्होल्टेज उसळी मारतं, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

१२ तासांची परीक्षा पास झाली. अण्णांनी जुन्या डायरीत वेळ, व्होल्ट, तापमान असे रकाने आखून आकडे भरले आणि खाली सही केली. कौतुकाने आम्ही दोघं चहा प्यायला स्वयंपाकघरात गेलो. परत आलो तर निळा पडदा. कोणी माउसलाही हात लावलेला नव्हता.

हे प्रकरण मात्र चिवट निघालं. मी पुन्हा पुन्हा लोडखालचं व्होल्टेज वाढवत राहिलो आणि तो पुन्हा पुन्हा रिकामा बसलेला असताना मरत राहिला. शेवटी लक्षात आलं: काम नसलं की प्रोसेसर स्वतःच १.६ गिगाहर्ट्झवर उतरतो आणि व्होल्टेजही खाली आणतो. मी ऑफसेट, म्हणजे प्रोसेसर मागेल त्या व्होल्टेजमध्ये करायची वाढ-घट, वजा ठेवला होता; तो त्या उतरलेल्या आकड्यातूनही वजा होत होता. पळताना धडधाकट, बसला की चक्कर.

"आमच्याकडे होता एक असा," अण्णा म्हणाले. "ड्यूटीवर खणखणीत, सुटीच्या दिवशी आजारी."

आईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. निवृत्तीनंतर पहिल्याच महिन्यात अण्णांना बीपीची गोळी सुरू झाली होती.

ऑफसेट शून्यावर आणला आणि फेब्रुवारी-मार्च शांततेत गेले. मग जळगावचा मे आला. प्रोसेसरवरचा पंखा कितीही भारी असला तरी फेकणार खोलीतलीच हवा, आणि खोलीतली हवा ४२ अंशांची. रात्रीसुद्धा टेस्टमध्ये आकडा ऐंशीच्या पुढे जाऊ लागला. भुसावळच्या मित्राला फोन केला, तर त्याने एप्रिलमध्येच मुकाट्याने ४.२ वर आणलं होतं. मीही ४.३ करून टाकू म्हणालो. अण्णांना ते पटलं नाही. त्यांच्या मते नुसत्या उकाड्यासाठी कोणी सप्लाय कमी करत नाही. त्यांनी आधी थर्मल पेस्ट बदलायला लावली, मग बैठकीतला वाळ्याचा कूलर सरकवून माझ्या दाराशी आणला. आई दोन दिवस आमच्याशी बोलली नाही.

मी त्या रात्री टेस्ट लावली आणि कूलरच्या गार झोतात कधी झोपलो ते कळलं नाही. सकाळी उठलो तेव्हा कॉम्प्युटर बंद होता. टेबलावर डायरी उघडी होती आणि अण्णांच्या त्या ठाशीव, लॉगशीटच्या अक्षरात रात्रीची शेवटची नोंद होती:

'०२.४० – ट्रिप. तापमान ९१. ऑपरेटर झोपलेला आढळला.'