इंग्रजीची पदवी कशी घ्यावी : ‘एस्पॅनिश’ नवशिक्यांसाठी

साहित्य : अठरा वर्षांचा एक स्पॅनिश विद्यार्थी, पाच स्वर, चवीपुरती लाज.
वेळ : चार वर्षं. एकूण २४० क्रेडिट, दर क्रेडिटला किमान २५ तास; म्हणजे सहा हजार तास.

पायरी १. बेडूक शोधा
स्पेनमधलं सालामांका विद्यापीठ १२१८ सालचं. त्याच्या दर्शनी भिंतीवरच्या कोरीव गर्दीत एका कवटीवर बेडूक बसलेला आहे. तो कुणी न दाखवता दिसला की परीक्षेत पास, अशी विद्यार्थ्यांची श्रद्धा. आधी बेडूक शोधा, मग पुस्तकं.

पायरी २. गैरसमज काढून टाका
इथे इंग्रजी बोलायला शिकवतात, असं वाटून आला असाल तर चुकलात. पोहायला शिकावं म्हणून यावं आणि तलावाचा इतिहास शिकवावा, तसा हा प्रकार. हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी येईल, शेक्सपिअर येईल, जीभ टाळूला नेमकी कुठे लागते त्याच्या आकृत्या येतील. पाण्यात मात्र तुमचं तुम्हीच उतरायचं. पूर्वी या पदवीचं नाव ‘इंग्लिश फिलॉलॉजी’ होतं. उच्च शिक्षणातल्या युरोपभरच्या बोलोन्या सुधारणांनंतर ते ‘इंग्लिश स्टडीज’ झालं. पाटी बदलली, तलाव तोच.

पायरी ३. स्वर मोजा
घरून आणलेले पाच. प्रमाण ब्रिटिश उच्चारांत साधे बारा आणि जोडस्वर आठ, असे वीस. उरलेले पंधरा कुठून आणायचे, हे ज्याचं त्याने पाहावं. तोवर तुमच्या तोंडी जहाज आणि मेंढी एकच. मराठी वाचकांनी हसू नये : ऱ्हस्व-दीर्घ आपण शाळेच्या वहीत पाळतो, बोलताना कोण पाळतं?

पायरी ४. खोट्या मित्रांपासून जपा
सारख्या दिसणाऱ्या पण दगा देणाऱ्या शब्दांना स्पॅनिशमध्ये ‘खोटे मित्र’ म्हणतात. हिंदीतली ‘शिक्षा’ मराठीत येताना छडी घेऊन येते, तसे हे. ‘कोन्स्तिपादो’ म्हणजे सर्दी झालेला. तोच शब्द इंग्रजी करून रजा मागाल, तर सरांना तुमच्या बद्धकोष्ठाची वार्ता कळेल. ‘एक्सितो’ म्हणजे यश. इंग्रजीत त्याच्यासारखा दिसणारा शब्द दाराबाहेर काढतो.

पायरी ५. कर्ता नेमा
स्पॅनिशमध्ये पाऊस एका क्रियापदात पडतो : ‘युएवे’. कर्त्याची गरज नाही. इंग्रजीत मात्र ‘इट’ नावाचा कर्ता नेमावा लागतो. तो काही करत नाही, पण त्याच्या सहीशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. सरकारी कचेरीत गेलेल्यांना हे लवकर समजतं.

पायरी ६. दोष देण्यासाठी कुणीतरी शोधा
हुकूमशहा फ्रँको सोपा. त्याच्या राजवटीत १९४१ मध्ये परदेशी चित्रपट स्पॅनिशमध्ये डब करणं सक्तीचं झालं. सक्ती पुढे गेली, सवय राहिली. हॉलिवूडचे काउबॉय पिढ्यान्‌पिढ्या अस्सल स्पॅनिशमध्ये धमक्या देत आले. मग कानावर इंग्रजी पडणार कधी?

पायरी ७. प्रबंध सादर करा
दहापैकी पाच गुण मिळाले की पास. समितीपुढे उभे राहा, घसा साफ करा आणि इंग्रजीत सांगा की आपण स्पेनचे. तोंडातून येईल ‘एस्पेन’.

घाबरू नका. स्पॅनिश शब्दाच्या आरंभी ‘स’ला लागून व्यंजन चालत नाही, त्याआधी ‘ए’चा पाट मांडावाच लागतो. आपल्याकडच्या ‘इष्टाईल’मधला ‘इ’ त्याचाच लांबचा भाऊ. लॅटिन ‘स्कोला’ची स्पॅनिश ‘एस्कुएला’ झाली ती याच वाटेने. १४९२ मध्ये व्याकरणकार नेब्रिखाने कॅस्तिलियन, म्हणजे स्पॅनिश, भाषेचं व्याकरण याच सालामांकात छापलं, तेव्हाही हा ‘ए’ घरातला म्हातारा होता.

हे सगळं तुम्ही समितीला खडाखडा सांगू शकाल. सहा हजार तासांत चूक सुटत नाही. तिची वंशावळ पाठ होते.