पेंग्विनच्या पंखावरच्या पट्टीस खुले पत्र

पट्टे,

तुला 'प्रिय' लिहायला हात धजत नाही. तू चपटी, धातूची, अंगावर नंबर ठोकलेली. इतर पक्ष्यांच्या पायात कडं घालतात. पेंग्विनचे पाय पडले आखूड, म्हणून तुला थेट त्याच्या पंखावर, खांद्याजवळ आवळलं. लांबून दुर्बिणीने नंबर वाचता येतो, संशोधकाची सोय होते. ही सोय कुणाच्या जिवावर झाली, ते आज तुला तोंडावर सांगायचं आहे.

मुंबईच्या राणीच्या बागेत काचेपलीकडे पोहणारा पेंग्विन ज्याने पाहिला, त्याला तुझा गुन्हा लगेच कळेल. तो पंखांनीच पोहतो. पंख हेच त्याचं वल्हं, आणि त्या वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला तू पाणी अडवतेस. १९९३ साली अडेली पेंग्विनवर मोजमाप झालं, तेव्हा तुझ्यामुळे पोहायला २४ टक्के जास्त ऊर्जा लागते असं दिसलं. जुनी पिसं झडून नवी येताना पंख सुजतो. तेव्हा तू कणभरही सैल होत नाहीस, मांसात रुततेस.

तरी तुझे पाठीराखे म्हणत राहिले, "होते सवय." दक्षिण हिंदी महासागरात क्रोझे द्वीपसमूहातल्या पझेशन बेटावर क्लेअर सारो, ईव्हाँ ल माहो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. शंभर किंग पेंग्विन घेतले. सगळ्यांच्या कातडीखाली ग्रॅमहून हलकी चिप, आणि त्यांतल्या पन्नास जणांच्या पंखावर शिवाय तू. दहा वर्षं नोंदी ठेवल्या आणि २०११च्या जानेवारीत त्या 'नेचर'मध्ये छापून आल्या. तुझ्या पक्ष्यांना ३९ टक्के कमी पिल्लं झाली, त्यांचं जगून राहण्याचं प्रमाण १६ टक्केबिंदूंनी घटलं. विणीसाठी ते सरासरी सोळा दिवस उशिरा पोचत होते. किंग पेंग्विनची जोडी एका वेळी एकच अंडं घालते, ते पायांवर घेऊन उबवते आणि पिल्लाला जवळपास वर्षभर पोसते. तिथे सोळा दिवस हातचे गेले, की बहुतेक वेळा पिल्लूही हातचं जातं.

आणि त्या सवयीचं म्हणशील, तर पहिली साडेचार वर्षं तुझे पक्षी जास्त मेले, नंतर फरक उरला नाही. दुबळे आधीच मरून गेले होते, दणकट तेवढे उरले होते. उरलेल्यांकडे बोट दाखवून 'सवय झाली' म्हणणं म्हणजे मेलेल्यांना मोजायचंच नाही असं ठरवणं. त्या दणकटांनाही दहा वर्षांनंतर पिल्लं कमीच होत होती.

तुझा दुसरा गुन्हा मला तितकाच मोठा वाटतो. तू खोटी साक्ष दिलीस. तापत्या समुद्राचा पेंग्विनांवर काय परिणाम होतो, हे तुझ्या नंबरांवरून मोजलं गेलं. त्या आकड्यांतला समुद्राचा वाटा किती आणि तुझा किती, हे आता कसं वेगळं काढायचं? ज्या पक्ष्याला आपण जखडलं, तो मोकळ्या पक्ष्याची हकीकत सांगूच शकत नाही. जनावराला त्रास देऊन मिळवलेली माहिती क्रूर असतेच, बहुतेकदा ती चुकीचीही असते.

पण तू शेवटी धातूचा तुकडा. तुला दाबून बंद करणारे हात माणसाचे, म्हणून हे पत्र त्यांनीही वाचावं. कातडीखालची चिप घालताना पक्ष्याला एकदा पकडावं लागतं, सुई टोचावी लागते. तीही त्रासाविना नाही. मात्र त्यानंतर वाटेत पुरलेल्या अँटेनावरून तो चालत गेला की नोंद होते, आणि पाण्यात त्याचे पंख त्याचेच राहतात. जंगली जिवाच्या अंगावर काहीही चढवण्याआधी, हे चढवल्यावर तो पूर्वीसारखा जगेल का, याचं उत्तर आधी मिळवा. मिळत नसेल तर हात आवरा.

तुझा अपराध सिद्ध करायलाही पन्नास पक्ष्यांना तुला दहा वर्षं वागवावं लागलं. त्यांनी साक्ष दिली आहे. तीच साक्ष आणखी एकाही पक्ष्याकडून मागू नका.

पेंग्विनच्या बाजूने,
एक पक्षीनिरीक्षक