गॉगल निघाला रामटेकला

२०२३च्या पावसाळ्यात अख्ख्या महाराष्ट्राला डोळे आले होते. नेमक्या त्याच दिवसांत राष्ट्रीय सेवा योजनेच्या पोट्ट्यांचं वृक्षारोपणाचं मुक्कामी शिबिर रामटेकला ठरलं, आणि सोबत एक वडीलधारं माणूस हवं म्हणून मला बसमध्ये कोंबण्यात आलं. पोट्ट्यांच्या पिशव्यांत आयांनी औषधाचं दुकान भरून दिलं होतं: तापाच्या गोळ्या, ओवा, बाम, हिंगाची डबी. साबण मात्र साऱ्या बसमध्ये मिळून एकच निघाला, आणि तो सुगंधी असल्यामुळे मालक कोणाला हात लावू देईना.

नागपूरचा ऑटोमोटिव्ह चौक येईस्तोवर शिबिराच्या सरांनी आरोग्याच्या सूचना आटोपल्या. हात धुवा, टॉवेल आपापला वापरा, ज्याला बरं नाही त्यानं आत्ताच बोला. इथून घरी जायला ऑटो मिळतो. बसमध्ये चिडीचूप. परीक्षेच्या दिवशी साधी शिंक आली तरी अंथरूण न सोडणारं पोट्टं सहलीच्या दिवशी एकशे दोन तापातही ‘मले काहीच नाही झालं’ म्हणतं. शिबिरात साथ शिरते ती बहुधा याच वाक्याचं तिकीट काढून.

मागच्या सीटवर एक जण, आभाळ गच्च भरून आलेलं असताना, काळा गॉगल लावून बसला होता.

“काऊन रे, गॉगल काऊन?”

“फॅशन हाय सर.”

“काढ बरं.”

काढला. ते डोळे पाहून चौकातली गाडी आपसूक थांबली असती.

“रात्री झोप नाही झाली सर.” तोवर बस कन्हानचा पूल ओलांडत होती.

मग मजा सुरू झाली. डोळ्याला डोळा भिडला की डोळे येतात, ही आपल्याकडची पक्की समजूत. त्यामुळे सगळ्यांनी माना खिडकीकडे वळवल्या. खरं तर बघितल्यानं काहीही होत नाही. रोग्यानं डोळा चोळायचा, तोच हात बसच्या दांड्याला लावायचा, तो दांडा दुसऱ्यानं धरायचा आणि आपला डोळा चोळायचा, असा तो विषाणू पायी प्रवास करतो. टॉवेल, उशी, काजळाची डबी ही त्याची मुक्कामाची ठिकाणं. पण हे कोण ऐकतो? पोट्ट्यांनी त्याच्याकडे बघणं सोडलं आणि त्याचा गॉगल मागायला सुरुवात केली. मनसरच्या वळणाआधीच निम्म्या बसचे त्या गॉगलातले सेल्फी निघाले. स्वतःआधी दुसरा, हे १९६९पासून चालत आलेल्या सेवा योजनेचं ब्रीद. ते इतक्या निष्ठेनं पाळलेलं मी प्रथमच पाहिलं.

रामटेकला पोचल्यावर कालिदास स्मारकापाशी सरांनी मेघदूत सांगितलं. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी कालिदासाचा रामगिरी म्हणजे आपलं रामटेकच असं साधार मांडलंय. सरांनी मेघदूतातल्या यक्षाला सरळ आरोग्य खात्यात घेतला. “वर्षभर एकटा राहिला. बायकोला निरोप धाडला तोही ढगाच्या हाती. कोणाला शिवला नाही. याला म्हणतात विलगीकरण!”

गॉगलवाल्यानं हात वर केला. “सर, यक्षाले शेपरेट खोली होती का?”

सर काही बोलणार तेवढ्यात एक काळतोंडं वानर आलं, गॉगल ओढला आणि कळसाच्या दिशेनं पसार झालं. त्या दिवशी साथ रोखण्याचं ठोस काम तेवढं एकच झालं.

दुपारी झाडं लावून दमलेली मंडळी ओल्या गवतावर आडवी व्हायला लागली, शर्टही तिथंच वाळत पडले. आता मात्र सर खरंच ओरडले. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर भागात स्क्रब टायफसनं माणसं दगावली होती. गवता-झुडपातल्या इवल्याशा किड्याची अळी चावते, कळतही नाही. मागाहून ताप येतो आणि चावल्या जागी बरेचदा काळी खपली धरते. डॉक्टरांना ‘गवतात लोळलो होतो’ एवढं सांगितलं तरी निदानाला मदत होते, म्हणजे इथंही सगळं खरं बोलण्यावर येऊन ठेपतं. शर्ट दोरीवर गेले.

बाकीचं आरोग्य खातं धर्मशाळेच्या स्वयंपाकघरात बसलं होतं. काकूंनी बाजारातून साबणाच्या वड्या आणवल्या, विळीवर तुकडे केले आणि एकेकाच्या हातावर ठेवले. पिण्याचं पाणी उकळून घेतलं. वाढायला दोघंच, पातेल्यात तिसऱ्याचा हात नको. मला हा कारभार सरांच्या भाषणापेक्षा शंभरपट आवडला.

गॉगलवाल्याला, म्हणजे आता नुसत्या डोळेवाल्याला, वेगळी खोली मिळाली. धर्मशाळेत तेवढ्याच खोलीत पलंग होता, पंखाही होता. बाकीचे दालनात सतरंजीवर, डासांच्या संगतीनं. रात्री नऊच्या सुमारास त्या खोलीच्या दारात रांग लागली.

“सर, माह्या डोळ्यात खुपते.”

“माहे तं कालपासूनच लाल हायत, मी बोललो नाही.”

सर हवालदिल झाले. काकू कंदिलाएवढी टॉर्च घेऊन आल्या. त्यांनी कोणालाही हात न लावता एकेकाची पापणी त्यालाच ओढायला लावली, पाहिलं, मग सांगितलं, “ज्याचे ज्याचे डोळे आले त्याले आज मुगाची खिचडी. पाटोडीचा रस्सा बाकीच्याइले.”

रांगेत उरलेल्या दोघांचे डोळे मात्र खरंच आले होते. काकूंनी त्यांनाही रस्सा दिला, फक्त ताटं वेगळी ठेवली.