नाना, नग एक

नगरजवळच्या भिंगारमध्ये दर आळीला एक नाना सापडतो. गाव छावणीच्या कुशीतलं, जवळच रणगाड्यांचं म्युझियम, आणि घरटी एखादा तरी माणूस कधी ना कधी लष्करी खात्यात चिकटलेला. त्यातला जो स्टोअरकीपर म्हणून रिटायर होतो, तो पुढे नाना होतो. नोकरी सुटते, पण स्टोअर सुटत नाही. ते त्याच्याबरोबर घरी येतं आणि माळ्यावर, पलंगाखाली, देवघराच्या मागं पसरतं. आळीत कुणाला दोन इंची खिळा, आरतीला लागणारा कापूर, नाहीतर १९८५ सालच्या रेडिओची वायर हवी असेल, तर दुकानात कुणी जात नाही. नानांकडे जातात. नाना ती वस्तू काढून देतात आणि रजिस्टरवर सही घेतात.

अशाच एका नानांचा मुलगा म्युनिकला असतो. तो फोनवर म्हणाला, “बाबा, सप्टेंबरअखेर या. महिनाभर राहा. हवा छान असते.” दुसऱ्या दिवशी नानांनी कापडबाजारातून शंभर पानी नवं रजिस्टर आणलं.

ते रजिस्टर एकदा बघण्यासारखं आहे. रकाने चार: अनुक्रमांक, वस्तू, नग, अवस्था. “स्वेटर, लोकरी, हातविणीचा, बाह्यांसह: नग २, सर्व्हिसेबल. माकडटोपी, तपकिरी: नग २, सर्व्हिसेबल. छत्री, लांब दांड्याची: नग १, एक काडी वाकडी, दुरुस्तीयोग्य.” पान तीनवर काकूंचे गुडघे आहेत. “गुडघे, डावा व उजवा: नग २, अनसर्व्हिसेबल, बदली मिळत नाही.” काकूंनी ते वाचलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात भर घातली: “नवरा: नग १, आहे त्या स्थितीत.”

कुणी टोकलं, “नाना, महिनाभरासाठी एवढं?” तर नानांकडे इतिहास तयार असतो. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हिंदुस्थानातले जर्मन धरून आपल्या नगरच्या छावणीत आणून कोंडले होते. “त्या बिचाऱ्यांना कुणी विचारलं होतं का, बाबांनो, नगरच्या उन्हाची तयारी करून आलात का? आपल्याला तारीख आधी कळलीय. मग बिनतयारीचं जायचं कशाला?”

तयारीचे शत्रू दोन, थंडी आणि किडे. भिंगारात ऑक्टोबर म्हणजे पाऊस सरून पुन्हा कडाडलेलं ऊन. म्युनिकला त्याच महिन्यात दुपारी तेरा-चौदा अंश आणि पहाटे पाच-सहा. नगरच्या बाजारात ऑगस्टमध्ये स्वेटर कुठला? तिबेटी विक्रेते येणार दिवाळीच्या आगेमागे. म्हणून जुने स्वेटर ट्रंकेतून निघाले, डांबरगोळ्यांच्या वासासकट. नानांनी नव्या वीस गोळ्याही बॅगेत टाकल्या. मुलानं कळवलं, युरोपीय संघात नॅप्थलीनच्या गोळ्यांवर २००८ पासून बंदी आहे. नानांनी गोळ्या काढल्या, पण वास काढता येईना. पुढं म्युनिकच्या ट्राममध्ये नानांच्या शेजारची जागा सदैव रिकामी राहिली आणि तिकडची माणसं किती शिस्तीनं अंतर ठेवतात, असं नानांनी आळीत सर्वांना सांगितलं.

व्हिसासाठी पुण्याला गेले तेव्हा कळलं, प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. नाना हरखले. “म्हणजे माझी किंमत तीस हजार युरो! खात्यानं पेन्शन ठरवताना हा आकडा धरायला हवा होता.” काकूंना मात्र दुसरंच दुःख. बाहेरून युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. साजूक तूप, पेढे, खवा सगळं यादीतून कटाप. नानांनी त्या ओळींवर लाल शाईनं ‘रद्द’ लिहिलं आणि त्यांच्या जागी शेंगदाण्याची चटणी, भाजणी व कुरडया इश्यू केल्या.

किड्यांची आघाडी त्याहून मोठी. ओडोमॉस, कापूर, कडुनिंबाचं तेल आणि ती चटचट वाजणारी मच्छरांची बॅट. मुलगा म्हणाला, “बाबा, इथं ऑक्टोबरात डास फारसे नसतात.” नाना म्हणाले, “तुला काय माहीत? तू खिडकी बंद करून झोपतोस.” तिकडं पोचल्यावर त्यांनी पहिली पाहणी खिडक्यांची केली आणि हादरले. तावदानं दुहेरी, दांडी जर्मन पोलादाची, आणि जाळी नाही! “रणगाडे बनवणारं राष्ट्र, आणि खिडकीला जाळी नाही?”

दुसऱ्या दिवशी मुलानं त्यांना केक खायला बाहेर नेलं. बशी टेबलावर टेकली न टेकली तोच गांधीलमाश्या हजर. नानांचा हात पिशवीतल्या बॅटकडं गेला आणि मुलाचा हात नानांच्या हातावर. जर्मनीत विनाकारण गांधीलमाशी मारणं कायद्यानं मना आहे. तिची जी थोरली जात आहे, तिला तर विशेष संरक्षण, आणि दंड ५०,००० युरोंपर्यंत जाऊ शकतो. नाना बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “माझा विमा तीस हजारांचा. ही पन्नास हजारांची. माझ्यापेक्षा हिचा भाव जास्त!”

सुनेनं समजावून सांगितलं. उन्हाळाभर या माश्या पोळ्यातल्या अळ्यांना किडे आणून भरवतात आणि अळ्या त्यांना गोड रस देतात. शरद ऋतू लागला की अळ्या संपतात, काम संपतं, गोड मिळणं बंद होतं. मग त्या दुसऱ्यांच्या बशा धुंडाळत हिंडतात. कडाक्याची थंडी पडली की नव्या राण्यांखेरीज सगळ्या मरतात. काकू नानांकडं बघून म्हणाल्या, “म्हणजे रिटायर माणसासारख्याच की. काम नाही आणि गोडाची बंदी.” नानांनी केकचा एक तुकडा मुकाट्यानं बशीच्या कडेला सारून ठेवला. त्यानंतर त्यांनी बॅट बाहेर काढली नाही.

तिसऱ्या आठवड्यात बाल्कनीच्या कोवळ्या उन्हात ढालीच्या आकाराचे तपकिरी किडे येऊन बसू लागले. हे मूळचे पूर्व आशियातले, थंडी काढायला उबदार घरात शिरतात. चावत नाहीत. पण नानांच्या चपलेला हे कोण सांगणार? एक चेंगरला आणि सगळ्या खोलीत उग्र वास सुटला. काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, “अहो, कोथिंबीर कुणी सांडली?” त्यांचं नाक चुकलं नव्हतं. या किड्याच्या वासातले काही घटक कोथिंबिरीतही असतात. त्या रात्री नानांनी भाजीवर कोथिंबीर घेतली नाही, आणि रजिस्टरात लिहिलं: “किडा, दुर्गंधी: हाताळू नये. कागदावर घेऊन बाहेर सोडावा.”

हवेनं तर नानांना उघड उघड फसवलं. दोन स्वेटर, आतून थर्मल आणि वर माकडटोपी अशा जय्यत तयारीत ते खाली उतरले, तर बाहेर चैत्रासारखं ऊन. आल्प्स उतरून येणारा फ्योन नावाचा कोरडा, उबदार वारा सुटला की म्युनिकमध्ये भर ऑक्टोबरातही माणसं शर्टावर फिरतात आणि डोकं दुखलं की त्याच वाऱ्याला बोल लावतात. दुसऱ्या दिवशी पाऊस, सहा अंश, आणि वाऱ्यानं उलटलेली लांब दांड्याची छत्री. घरात शिरावं तर हीटर चालू. तिथं थर्मलमध्ये नाना घामाघूम. एका अंगावर तीन ऋतू आणि एकाचाही इंडेंट नाही.

पण स्टोअरकीपरचा अनुभव वायाही जात नाही. मुलगा त्यांना इंग्लिशर गार्टनमध्ये न्यायला निघाला. १७८९ साली वसवलेली, शहराच्या पोटातली ही अवाढव्य बाग. नानांनी पायजमा मोज्यांत खोचला. नातू हसला, पण मुलगा हसला नाही. बव्हेरियाच्या गवतात गोचिडी असतात, शरदातही सक्रिय असतात, आणि त्यांच्यातून मेंदूज्वराचे विषाणू पसरू शकतात. तिथली जाणती माणसं नेमकी हीच मोजे-पद्धत सांगतात. म्हशीच्या कानामागून गोचिडी काढत बालपण गेलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. मधेच पॅरिसची फेरी झाली, तिथंही तेच. २०२३ च्या शरदात तिथं ढेकणांचा केवढा गाजावाजा झाला होता! नानांनी हॉटेलात शिरताच बॅग न्हाणीघरात ठेवली, टॉर्च लावला आणि गादीची शिवण टोकापासून टोकापर्यंत तपासली. तपासणीची रीत अगदी बिनचूक. शेवटी रजिस्टरात “गादी: सर्व्हिसेबल” असा शेरा पडला, तेव्हाच काकूंना टेकायची परवानगी मिळाली.

नानांना खरं हरवलं ते घड्याळानं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तिनाचे दोन वाजवतात. एक तास फुकट. नाना अस्वस्थ. जास्तीचा माल आला तर तो कुठल्या खात्यावर घ्यायचा? मुलगा म्हणाला, “बाबा, मार्चच्या शेवटच्या रविवारी परत घेतात.” नानांचा चेहरा उजळला. “मार्च एंडिंगला हिशेब जुळवतात म्हणजे! मग ठीक आहे. व्यवस्था चोख आहे.”

या नाना मंडळींना थंडीची भीती नसते, किड्यांचीही नसते. ऐनवेळी दुसऱ्याकडं हात पसरावा लागेल, याची असते. ‘स्टॉकमध्ये नाही’ हे दोन शब्द त्यांनी उभ्या नोकरीत इतरांना ऐकवले, ते स्वतःला ऐकायला नकोत म्हणून ही सगळी धडपड.

तेव्हा शरदात कुणी तिकडं निघालं असेल तर एवढंच करा. पाण्याला दाद न देणारं जाकीट, ओल्या पानांवर न घसरणारे बूट आणि सहज काढता-घालता येतील असे पातळ कपडे न्या. बशीवर झाकण ठेवा, झाडाझुडपांत मोजे वर ओढा, गादी तपासा. बॅट नेऊ नका. बाकी काही कमी पडलं तर निघण्यापूर्वी भिंगारला या. नानांकडे मिळेल. फक्त सही करावी लागेल, आणि वस्तू सर्व्हिसेबल स्थितीत परत करावी लागेल.