हॉटस्पॉटचे पैसे कुणाचे?

गुरुवारी महावितरणने देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बंद केली की पिंपरी-चिंचवडमधल्या रहाटणीत घराघरांत एकच हालचाल होते. राउटरचे दिवे विझतात, लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि हात मोबाईलकडे वळतो. हॉटस्पॉट चालू, पासवर्ड टाकलेलाच, अर्ध्या मिनिटात हिंजवडीतल्या कंपनीचं काम पुन्हा सुरू. मीटिंगमधल्या कुणाला पत्ताही लागत नाही की तेवढ्या अर्ध्या मिनिटात कंपनीच्या कामाचा खर्च कर्मचाऱ्याच्या रिचार्जवर येऊन पडला.

माझं म्हणणं सरळ आहे. घरून काम करून घेणाऱ्या कंपनीने हॉटस्पॉटचे पैसे द्यावेत. दरमहा, ठरवून, पगारापेक्षा वेगळे.

‘एवढ्याशा रकमेवर काय लिहायचं’ असं वाटणाऱ्यांनी एकदा कोकणे चौकातून नखाते वस्तीकडे चालत जावं. नव्या सोसायट्यांत निदान लिफ्टपुरता आणि जिन्यातल्या दिव्यांपुरता जनरेटर असतो. गुंठेवारीतल्या तीन-चार मजली इमारतींत तेही नाही. तिथे एका खोलीत तिघं-चौघं राहतात. एक हिंजवडीच्या सपोर्ट टीममध्ये, एक वाकडच्या स्टार्टअपमध्ये, एक नोकरीच्या शोधात. फायबर घेतलेलं असतं, पण फायबरच्या तारेतून प्रकाश येतो, वीज नाही. भिंतीवरच्या डबीला सॉकेटमधली वीज लागते आणि केबलवाल्याने खांबावर लावलेल्या पेटीलाही लागते. घरात इन्व्हर्टर असला तरी खांबावरची पेटी बंद पडली की संपलं. शिवाय रस्ता खोदणारा जेसीबी आहेच. एक फटका बसला की अख्ख्या गल्लीचं इंटरनेट दोन दिवस गायब. अशा वेळी उरतो तो फोन. त्याला स्वतःची बॅटरी असते आणि टॉवरलाही.

मोबाईलचा मोडेम करणं आपल्याकडे नवं नाही. २००३च्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपये भरून सीडीएमए फोन देऊ केला आणि पुढच्या काही वर्षांत कॉलेजच्या पोरांनी तो डेटा केबलने कॉम्प्युटरला जोडला. #७७७ डायल करायचं आणि थांबायचं. त्या तंत्राचा कागदावरचा कमाल वेग होता १४४ केबीपीएस. जीएसएमवाले नोकियाचा पीसी सूट टाकून *९९# फिरवायचे आणि त्याहून कमी वेगावर समाधान मानायचे. २०१०मध्ये अँड्रॉइडच्या २.२ आवृत्तीत हॉटस्पॉट फोनमध्येच आला, पुढच्या वर्षी आयफोनमध्ये. केबलची गरज संपली. त्या सगळ्या काळात माणूस हे करायचा ते स्वतःसाठी. निकाल बघायचा, नोकरीचा अर्ज पाठवायचा, मेल तपासायची. खर्च त्याचा आणि फायदाही त्याचाच, म्हणून कुणाची तक्रार नव्हती.

हे गणित २०२०मध्ये फिरलं. त्याआधी कॉल सेंटर आणि बीपीओ कंपन्यांना दूरसंचार खात्याच्या नियमांमुळे कर्मचाऱ्याला घरून काम देणं अवघड होतं. नोंदणी, बँक गॅरंटी, ठरावीक पद्धतीची जोडणी असं बरंच काही लागायचं. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीच्या तोंडावर यातल्या अटी सैल झाल्या आणि ५ नोव्हेंबर २०२०च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी नोंदणी व बँक गॅरंटी दोन्ही काढून टाकली. हे चांगलंच झालं. जुने नियम जाचक होते आणि ते गेल्याने कितीतरी बायकांना, गावाकडे आईवडिलांपाशी परतलेल्या मुलांना नोकरी टिकवता आली. पण कंपनीच्या डोक्यावरचं ओझं उतरवताना कर्मचाऱ्याच्या घरातल्या जोडणीचा खर्च कुणी करायचा, हे ठरवून घेणं राहिलं ते राहिलंच. पूर्वी कंपनी लीज लाइन घ्यायची, बॅकअपला दुसरी लाइन ठेवायची. आता बॅकअपची लाइन म्हणजे कर्मचाऱ्याचा फोन. ती जागा कंपनीच्या हिशेबाच्या वहीत रिकामी आहे, कारण ती नखाते वस्तीतल्या कुणीतरी भरून ठेवली आहे.

आणि हा खर्च नुसत्या रिचार्जचा नाही. बहुतेक प्रीपेड प्लॅनमध्ये रोजचा दीड किंवा दोन जीबीचा कोटा असतो. कॅमेरा चालू ठेवून तासभर मीटिंग केली तर एक जीबीच्या आसपास सहज जातो. कोटा संपला की बऱ्याच प्लॅनवर वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे २००३च्या सीडीएमए फोनच्या कागदावरच्या वेगाच्या निम्म्याहूनही खाली. मग वरचा डेटा पॅक मारायचा. जुलै २०२४मध्ये मोठ्या मोबाईल कंपन्यांनी दर वाढवले आणि अमर्याद फाइव्ह-जी रोजच्या दोन जीबीच्या आणि त्यावरच्या प्लॅनपुरतं ठेवलं. स्वस्तातला प्लॅन घेणाऱ्याला, म्हणजे कमी पगाराच्या माणसाला, कंपनीचं काम जास्त महाग पडतं. पगार कमी तितका हा भुर्दंड जड.

लॅपटॉप तर निष्ठुर असतो. वायफाय मिळालं की त्याला वाटतं घरची लाइन आहे. विंडोजचे अपडेट, क्लाउडमधल्या फायली, कंपनीने घातलेली सुरक्षेची सॉफ्टवेअरं, सगळी मागच्या दाराने डेटा ओढत बसतात. विंडोजमध्ये त्या वायफायला ‘मीटर्ड कनेक्शन’ अशी खूण केली तर हा उपसा बराच थांबतो, पण ती खूण हाताने करावी लागते. बऱ्याच जणांना ती जागा माहीत नसते. कंपनीच्या आयटी विभागाला नक्कीच माहीत असते. लॅपटॉप हातात देताना पाच मिनिटं खर्चून ते कर्मचाऱ्याला का दाखवत नाहीत?

फोनचं काय होतं तेही बघा. चार्जिंग चालू, हॉटस्पॉट चालू, आणि इमारतीच्या आत सिग्नल मिळत नाही म्हणून फोन खिडकीत उन्हात. फाइव्ह-जीच्या वरच्या पट्ट्यातल्या लहरी काँक्रीटच्या भिंतीत लवकर दमतात, त्यामुळे खिडकीला पर्याय नसतो. फोन तापतो, वेग आपोआप उतरतो आणि लिथियम बॅटरीचं आयुष्य घटतं. दोन वर्षांत बॅटरी फुगली तर ती बदलायचा खर्च कंपनी देते का? शिवाय परिसराची वीज गेली की सगळ्यांचेच हॉटस्पॉट एकाच टॉवरवर येऊन आदळतात. टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते. त्या तासात आवाज तुटला तर बोलणी बसतात ती कर्मचाऱ्याला: ‘तुझं नेट बघ जरा.’ तुझं नेट! काम कुणाचं चाललंय?

मोबाईल कंपन्यांवर इथे मी खापर फोडणार नाही. आपल्याकडे नेहमीच्या प्लॅनवर हॉटस्पॉटचं वेगळं भाडं लागत नाही, डेटा फोनवर वापरा की लॅपटॉपवर. अमेरिकेत असं नव्हतं. तिथे हॉटस्पॉटसाठी वेगळे पैसे घेतले जायचे. ते चुकवणारी अ‍ॅप अँड्रॉइडच्या बाजारातून काढायला लावल्याच्या प्रकरणात व्हेरायझन वायरलेसने २०१२मध्ये साडेबारा लाख डॉलर भरून तडजोड केली. त्या बाबतीत आपला ग्राहक सुखी आहे. आपला प्रश्न पुढचा आहे: वापर मोकळा असला तरी तो कुणाच्या कामासाठी होतोय?

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं. ‘अरे, तुझा प्लॅन अनलिमिटेड आहे ना, मग जादा खर्च झालाच कुठे?’ या उत्तराचा निकाल कॅलिफोर्नियातल्या अपील न्यायालयाने २०१४मध्येच लावला आहे. कॉक्रन विरुद्ध श्वान्स होम सर्व्हिस असा तो खटला. कामासाठी स्वतःचा मोबाईल वापरावा लागत असेल तर बिलाचा वाजवी हिस्सा मालकाने द्यायचा, मग प्लॅन अमर्याद असो की मर्यादित, असं न्यायालयाने सांगितलं. बिल घरातल्या दुसऱ्याच कुणी भरलं तरी फरक पडत नाही, हेही स्पष्ट केलं. तो दुसरा मुद्दा रहाटणीला नेमका लागू पडतो. मुलाचा कोटा संपला की आईच्या फोनचा हॉटस्पॉट सुरू होतो, मग वडिलांचा. आईचा संध्याकाळचा व्हिडिओ कॉल, धाकटीच्या क्लासचा व्हिडिओ, सगळं कंपनीच्या स्प्रिंट रिव्ह्यूत जिरतं. एका पगारावर कंपनीला तीन सिमकार्डं मिळतात.

कॅलिफोर्नियाचा कायदा आपल्याला लागू नाही, हे मला कळतं. पण तिथल्या कित्येक कंपन्यांची कामं हिंजवडीत होतात. तिकडच्या कर्मचाऱ्याच्या मोबाईल बिलाचा वाटा द्यायचा आणि त्याच टीममधल्या रहाटणीच्या मुलीला ‘मॅनेज कर’ म्हणायचं, याला न्याय म्हणत नाहीत.

दुसरं उत्तर थोडं रागाचं असतं: ‘मग ऑफिसला या.’ येतील की. भूमकर चौकातली सकाळची गर्दी सोसून लोक वर्षानुवर्षं येतच होते. पण घरून काम ही कर्मचाऱ्यावर केलेली मेहेरबानी आहे, हे आधी बोलणं बंद व्हायला हवं. खुर्ची वाचली, एसीचं बिल वाचलं, कॅन्टीन वाचलं, बस वाचली. कंपनीने मजले सोडले ते कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी नव्हे. वाचलेल्या त्या रकमेतून महिन्याचे तीन-चारशे रुपये काढताना कुणाचा ताळेबंद कोसळत नाही.

आयटीवाल्यांवरच सगळं ढकलणंही बरोबर नाही. रहाटणीतून रोज भोसरीच्या आणि चिंचवडच्या एमआयडीसीत जाणारे कितीतरी अकाउंटंट, स्टोअरकीपर, डिस्पॅचची मुलं आहेत. १ एप्रिल २०१८पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागू झालं आणि त्याच वर्षी राज्यांतर्गत मालालाही. तेव्हापासून लहान वर्कशॉपलाही इंटरनेटशिवाय मोठ्या रकमेचा माल गेटबाहेर काढणं अवघड झालं. टेम्पो भरून उभा असतो, ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो, आणि ऑफिसची लाइन गेलेली असते. मग शेठ आतून ओरडतात, ‘तुझा हॉटस्पॉट लाव रे.’ मुलगा लावतो. नाही म्हणायची सोय नसते. जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या तारखेला तर दुपारपासून संध्याकाळपर्यंत त्याचाच फोन टॅलीच्या कॉम्प्युटरला बांधलेला असतो. शेठनी स्वतःच्या फोनवरून काम केलं तर तो त्यांचा धंदा, त्यांचा खर्च, त्यात मी बोलणारा कोण? पण पंधरा-अठरा हजारांवर राबणाऱ्या मुलाच्या रिचार्जवर लाखाचं इन्व्हॉइस निघतं, तेव्हा बोललंच पाहिजे. शेठना एक वेगळं सिम घेऊन जुन्या हँडसेटमध्ये टाकून टेबलावर ठेवता येतं. एवढं सोपं आहे. हिंजवडीच्या कंपनीलाही हेच करता येतं: लॅपटॉपसोबत एक सिम, बस्स.

तोवर काम तर थांबवता येत नाही. म्हणून दोन गोष्टी. सिग्नल टेबलापाशीच चांगला असेल तर वायफाय हॉटस्पॉटऐवजी यूएसबी केबलने टेदरिंग करा. फोन चार्ज होत राहतो, जोडणी स्थिर राहते आणि रेडिओचं एक काम कमी होतं. खिडकीशिवाय सिग्नल नसेल तर हॉटस्पॉटच ठेवा, पण फोन सावलीत आणि कव्हर काढून.

आता पैशाचं. किती डेटा कंपनीच्या कामात गेला याचा पुरावा तुमच्या फोनमध्येच पडून आहे. अँड्रॉइडच्या डेटा वापराच्या यादीत हॉटस्पॉट आणि टेदरिंगचा आकडा वेगळा येतो, आयफोनमध्ये मोबाईल डेटाच्या पानावर पर्सनल हॉटस्पॉटसमोर येतो. महिनाअखेर त्याचा स्क्रीनशॉट घ्या. रिचार्जची पावती ठेवा. वीज बंद राहणार असल्याचा महावितरणचा एसएमएस आला असेल तर तोही ठेवा. हे सगळं जोडून कंपनीला मेल करा. ‘अशी रक्कम दिली तर तुम्हालाच त्यावर कर लागेल’ असं एचआरने सांगितलं तर माना हलवू नका. कर्मचाऱ्याच्या टेलिफोन-मोबाईलचा खर्च कंपनीने प्रत्यक्ष बिलावर भरला तर प्राप्तिकराच्या नियमांनुसार तो करपात्र लाभ धरला जात नाही. म्हणून सरसकट भत्ता मागू नका, बिलावर परतावा मागा.

आणि हा मेल एकट्याने पाठवू नका. टीममधल्या सगळ्यांनी एकाच दिवशी पाठवा.