गोष्ट तेरा वर्षांच्या मुलाची, बघणारा अठरा पूर्ण

चामराजपेटेत कन्नड चित्रपट कलावंतांच्या संघटनेची भलीथोरली इमारत आहे. नाव डॉ. राजकुमार भवन, पण रिक्षावाल्याला ‘कलाविदर संघ’ एवढं सांगितलं की पुरतं. बेंगळुरूचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव अलीकडे राजाजीनगरच्या मॉलमध्ये भरतो आणि त्यातले काही खेळ इकडेही येतात. तेव्हा या जुन्या पेठेत गळ्यात ओळखपत्र अडकवलेली, खांद्याला कापडी पिशवी लावलेली माणसं फिरताना दिसतात. खेळ संपला की शेजारच्या शंकरपुरममध्ये ब्राह्मिन्स कॉफी बारपुढे उभ्याने इडली-चटणी खात ती इराणी चित्रपटांवर बोलतात. त्यांत मराठी माणूस ओळखायला सोपा. तो बेंगळुरूच्या रांगेत उभा राहून पुण्याच्या महोत्सवातली रांग किती शिस्तीची असते ते सांगत असतो.

या मंडळींचा सर्वांत लाडका प्रकार म्हणजे वयात येणाऱ्या पोराचा स्वतंत्र चित्रपट. स्वतंत्र म्हणजे मोठी कंपनी मागे नाही, नटांना कुणी ओळखत नाही आणि पैसे कुठून उभे राहिले हे दिग्दर्शकालाही नीट सांगता येत नाही. पोरगा तेरा-चौदाचा. बाप गेलेला, नाहीतर असून नसल्यासारखा. आई थकलेली. घरात एक गुपित आणि दारात एक सायकल. गावाजवळ कुठेतरी पाणी हवं: विहीर, नदी, समुद्र, तेही परवडत नसेल तर पाऊस. शेवटी पोरगा सरळ कॅमेऱ्याकडे बघतो आणि पडदा काळा होतो. फ्रान्स्वा त्रुफोने १९५९ साली ‘द फोर हंड्रेड ब्लोज’च्या अखेरीस एका पोराला समुद्रापर्यंत पळवून कॅमेऱ्याकडे बघायला लावलं, तेव्हापासून जगभरची पोरं बघताहेत. आपल्या ‘फँड्री’तल्या जब्याने नुसतं बघण्यावर भागवलं नाही, दगड भिरकावला. प्रेक्षागृहात बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना तो दगड शेजारच्याला लागला असं वाटलं, पण ते असो.

दिवे लागतात. रुमाल निघतात. सभागृहात कोण कोण असतं? निवृत्त बँक अधिकारी, प्राध्यापक, आयटीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेले, चित्रपट शिकणारे विद्यार्थी, समीक्षक आणि समीक्षकांसारखे दिसणारे. ज्याची गोष्ट सांगितली तो तेरा वर्षांचा तेवढा कुठे नसतो. त्याला आत सोडतच नाहीत. आत यायला प्रतिनिधीचा पास लागतो आणि पासाला अठरा वर्षं पूर्ण लागतात.

हे एकट्या बेंगळुरूचं नाही. देशातल्या बहुतेक मोठ्या महोत्सवांच्या दारावर हाच आकडा आहे. कारणही सरळ आहे. महोत्सवातल्या परदेशी चित्रपटांकडे आपल्या सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसतं. माहिती व प्रसारण मंत्रालय त्यातून सूट देतं, आणि ती सूट नोंदणी केलेल्या प्रतिनिधींपुरती असते. न कापलेल्या चित्रपटात काय निघेल याचा नेम नाही, तेव्हा सगळ्यांनाच अठराची अट लावली की आयोजक सुटले. प्रौढांच्या चित्रपटांसाठी हे ठीकच आहे. पण नदीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या चित्रपटालाही तीच अट? निवड समितीने तो चित्रपट बघूनच निवडलेला असतो ना? की तोही रांगेतच बघायचा असतो?

गंमत अशी की आपला कायदा यापेक्षा शहाणा निघाला. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली, २०२४ मध्ये नवे नियम आले आणि जुन्या सरसकट ‘यूए’चे तीन तुकडे झाले: सात वर्षांवरच्यांसाठी, तेरावरच्यांसाठी आणि सोळावरच्यांसाठी. माणूस सात, तेरा आणि सोळा वर्षांचाही असतो, हे दिल्लीतल्या फाइलींनी मान्य केलं. आमचे सुजाण, सुसंस्कृत, जागतिक दृष्टीचे महोत्सव मात्र अजून एकच वय ओळखतात.

तिकडे बर्लिनच्या महोत्सवात ‘जनरेशन’ नावाचा वेगळा विभाग आहे. त्याचे दोन भाग, एक लहान मुलांसाठी आणि दुसरा चौदावरच्यांसाठी. लहान मुलांच्या भागात बक्षीस कोण देतं? अकरा ते चौदा वर्षांची अकरा मुलं. ती चित्रपट बघतात, भांडतात आणि ठरवतात. २०१४ साली या पोरांनी अविनाश अरुणच्या ‘किल्ला’ला ‘क्रिस्टल बेअर’ दिलं. वडील वारल्यावर आईच्या बदलीपायी पुण्याहून कोकणात येऊन पडलेला आपला चिन्मय त्या पोरांना कळला, आवडला आणि त्यांनी त्याला पहिला नंबर दिला. आशिष बेंडेच्या ‘आत्मपॅम्फ्लेट’चा खेळ २०२३ मध्ये त्याच विभागाच्या चौदावरच्यांच्या भागात झाला. म्हणजे मराठी पोराची गोष्ट जर्मनीतल्या चौदा वर्षांच्या मुलाने बघायला हरकत नाही. तिथल्या अकरा वर्षांच्या मुलीने तर तिला बक्षीसही द्यावं. बेंगळुरूतल्या महोत्सवात चामराजपेटेतल्या मराठी घरातल्या चौदा वर्षांच्या मुलाने मात्र चार वर्षांनी यावं.

मग घरी साधारण असा संवाद होतो.

‘‘आई, कुठला पिक्चर बघून आलात?’’

‘‘तुला नाही कळायचा तो अजून.’’

‘‘कशावर होता?’’

‘‘तुझ्याच वयाच्या मुलावर.’’

पोरगा खोलीचं दार लावून घेतो. ते लागलेलं दार परदेशी चित्रपटात असतं तर त्याच आई-बाबांनी त्यावर कॉफीच्या दोन कपांइतकी चर्चा केली असती. घरातलं दार असल्यामुळे त्यांनी बाहेरून ‘‘अभ्यास कर’’ एवढंच सांगितलं.

आता दुसरी खोड, आणि ही चित्रपट करणाऱ्यांची. वयात येण्याचे आपले चित्रपट पोरांना दाखवले जात नाहीत याचं एक कारण हेही आहे की त्यांतले बरेचसे पोरांसाठी केलेलेच नाहीत. ते पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्या दिग्दर्शकाने आपल्याच वयाच्या प्रेक्षकासाठी केलेले असतात. मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवरचा सुजय डहाकेचा ‘शाळा’ आणीबाणीतला. ‘बालक पालक’ व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणायच्या काळातला. ‘आत्मपॅम्फ्लेट’ बर्लिनची भिंत आणि मंडल आयोगाच्या आसपासचा. चित्रपट उत्तम, त्याबद्दल वाद नाही. ‘शाळा’तला मुकुंद आणि शिरोडकर माझेही लाडके आहेत. पण या सगळ्यांत एक सोय आहे: कुणाच्याच हातात मोबाइल नाही. चिठ्ठी पुस्तकात ठेवून द्यायची, गच्चीवरून बघायचं, सायकलवरून घिरट्या घालायच्या. प्रेक्षक खूश, कारण तो स्वतःचं पौगंड बघतोय. समोर बसलेल्या पोराचं बघायची वेळ आली की आपण म्हणतो, आजकालच्या मुलांना भावनाच नाहीत.

आजच्या पोरांकडे बघायचं धाडस शेजाऱ्यांनी केलं. पृथ्वी कोणनूरचा २०२२ चा कन्नड ‘हदिनेळेंटू’ बघा. नावच सतरा-अठरा. बारावीतल्या एका मुलाचा आणि मुलीचा वर्गातला खासगी व्हिडिओ बाहेर फुटतो. मग कॉलेज, पालक, जात, पैसा, वकील अशी सगळी मोठी माणसं त्या दोघांच्या सतरा-अठरा वर्षांवर तुटून पडतात. त्या वर्षी गोव्याच्या ‘इफ्फी’ महोत्सवात भारतीय पॅनोरमा विभागाची सुरुवात याच चित्रपटाने झाली. सतरा वर्षांच्या प्रतिनिधीशिवाय, अर्थातच.

कन्नडवाल्यांची परंपराही जुनी. गिरीश कासरवळ्ळींनी १९७७ च्या ‘घटश्राद्ध’मध्ये एका विधवेची फरफट वेदपाठशाळेतल्या नाणी नावाच्या छोट्या मुलाच्या डोळ्यांनी दाखवली आणि सुवर्णकमळ घेतलं. पूर्णचंद्र तेजस्वींच्या कथेवरचा ‘डेअरडेव्हिल मुस्तफा’ २०२३ मध्ये आला, तोही तेजस्वींच्या वाचकांनी पदरचे पैसे घालून केलेला. वर्गातला एकुलता एक मुसलमान मुलगा, क्रिकेटचा सामना आणि कॉलेजातली पोरं. वाचकांनी लेखकासाठी खिशात हात घालणं ही घटना मराठी वाचकाने दोनदा वाचावी. आपण लेखकाला शुभेच्छा देतो आणि पुस्तकाची पीडीएफ मागतो.

महोत्सव नाही तर नाही, मुलांच्या चित्रपटाला सरकारी दार होतं. बालचित्र समिती १९५५ मध्ये स्थापन झाली. मुलांसाठी चित्रपट करायचे आणि ते त्यांच्यापर्यंत न्यायचे, एवढंच तिचं काम. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली. पुरस्कार मात्र चालू आहेत. २०१४ च्या चित्रपटांत ‘एलिझाबेथ एकादशी’ने तमिळ ‘काक्का मुट्टै’बरोबर सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार वाटून घेतला, आणि २०२३ च्या चित्रपटांत ‘नाळ भाग २’ने तो पटकावला. बक्षीस दिल्लीला, कौतुक वर्तमानपत्रात. आणि चित्रपट? बेंगळुरूत मराठी चित्रपट लागलाच तर शनिवार-रविवारी, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मॉलमध्ये, आणि नेमका क्लासच्या वेळेला.

पोरांना पडद्यापासून लांब ठेवलं तर काय हुकू शकतं, त्याचं उदाहरणही इथलंच. दक्षिण बेंगळुरूत, चामराजपेटेच्या पलीकडे हनुमंतनगरात, पोलीस हवालदाराच्या मराठी घरात शिवाजीराव गायकवाड नावाचा मुलगा वाढला. पुढे तो शहर बससेवेत कंडक्टर झाला आणि १९७३ मध्ये मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाला. ‘अठरा पूर्ण होईपर्यंत पडद्याकडे बघायचं नाही’ असं त्याला कुणी सांगितलं असतं आणि त्याने ते ऐकलं असतं, तर बेंगळुरूला एक वक्तशीर कंडक्टर मिळाला असता आणि रजनीकांत नावाची भानगडच झाली नसती.

आयोजकांना नुसतं टोचून भागणार नाही, म्हणून जागाही सुचवतो. कलाविदर संघाच्याच पेठेत मक्कळ कूट आहे. मक्कळ कूट म्हणजे मुलांचा मेळा. आर. कल्याणम्मा नावाच्या बाईंनी मुलांनी एकत्र जमावं, गावं, नाटकं करावीत म्हणून ते उभं केलं. त्याच पेठेत कन्नड साहित्य परिषद आहे, शाळा आहेत. महोत्सवाने आपल्या यादीतले प्रमाणपत्र मिळालेले चार-पाच चित्रपट उचलावेत, ‘किल्ला’ आणि ‘डेअरडेव्हिल मुस्तफा’सारखे, आणि रविवारी सकाळी तिथे दाखवावेत. त्यासाठी मंत्रालयाची सूट लागत नाही, प्रतिनिधीचा पास लागत नाही, कायदा तर कधीचाच तेरावर येऊन थांबलाय. तिकीट पोरांना आणि मोठ्यांना प्रवेश फक्त त्यांच्याबरोबर आले तर. अकरा पोरांचं परीक्षक मंडळही करा, मराठी दोन-तीन घ्या. बक्षीस काय द्यायचं ते तीच ठरवतील.

आणि पालकहो, त्या दिवशी पोराच्या शेजारच्या खुर्चीवर बसा, पण मध्येच वाकून अर्थ सांगू नका.